विश्लेषण : टेनिसपटूच्या रागाची किंमत कोण आणि कशी ठरवतो?

२४ ऑगस्ट २०२५. अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेची पहिली फेरी. फ्रान्सचा बेंजामिन बोन्झी पहिले दोन सेट जिंकून तिसऱ्यातही ५-४ असा पुढे होता आणि मॅच पॉइंटवर सर्व्हिस करत होता. पहिली सर्व्हिस चुकली. तेवढ्यात एक छायाचित्रकार नको त्या क्षणी कोर्टवर आला. खेळात व्यत्यय आला म्हणून मुख्य पंचांनी बोन्झीला पहिली सर्व्हिस पुन्हा करू दिली. समोर होता याच स्पर्धेचा २०२१चा विजेता दानिल मेदवेदेव्ह. तो भडकला, पंचांशी हुज्जत घालू लागला, हातवारे करून प्रेक्षकांना चेतवू लागला. सहा मिनिटांहून अधिक काळ खेळ थांबला. पुढे तो सेट मेदवेदेव्हने जिंकला, चौथाही जिंकला, पण पाचव्यात हरला आणि मग रॅकेट आपटून आपटून मोडली.

स्पर्धेच्या आयोजकांनी त्याला एकूण ४२,५०० डॉलरचा दंड ठोठावला. खिलाडूवृत्तीला न शोभणाऱ्या वर्तनासाठी ३० हजार आणि रॅकेट मोडल्याबद्दल साडेबारा हजार. पहिल्या फेरीत हरल्याबद्दल त्याला १ लाख १० हजार डॉलर मिळणार होते, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम कापली गेली.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर दोन तट पडतात. एक म्हणतो, हे फारच झाले, अशा खेळाडूवर बंदी घाला. दुसरा म्हणतो, राग हाही खेळाचाच भाग आहे, सगळेच खेळाडू गप्प गप्प झाले तर टेनिस बघणार कोण? या वादात एक प्रश्न मात्र बाजूला राहतो. टेनिसचे नियम नेमके काय सांगतात आणि ते सर्वांना सारखे लागू होतात का?

शिक्षेची शिडी म्हणजे काय?

क्रिकेटमध्ये खेळाडूने पंचांवर आरडाओरडा केला, तर बहुतेक वेळा शिक्षा सामना संपल्यावर होते. मानधनातून काही टक्के रक्कम कापली जाते, डिमेरिट गुण जमा होतात. धावफलकावर त्याचा सहसा काही परिणाम होत नाही. टेनिसचे तसे नाही. इथे शिक्षा थेट गुणफलकावर उमटते आणि तीही त्याच क्षणी.

आचारसंहितेच्या पहिल्या भंगाला ताकीद मिळते. दुसऱ्याला एक गुण प्रतिस्पर्ध्याला दिला जातो. तिसऱ्याला आख्खा गेम जातो. ग्रँडस्लॅम स्पर्धांत तिसऱ्या भंगानंतर पुढच्या प्रत्येक चुकीला खेळाडूला सामन्यातून बाद करायचे का, हे वरिष्ठ अधिकारी ठरवतात. गुन्हा फारच गंभीर असेल, तर मधल्या पायऱ्या गाळून थेट बादही करता येते. ताकीद, गुण आणि गेम या शिक्षा खुर्चीवर बसलेले मुख्य पंच देतात. बाद करण्याचा निर्णय मात्र त्यांच्या एकट्याचा नसतो, त्यासाठी स्पर्धेचे रेफरी किंवा सुपरवायझर कोर्टवर येतात.

यात एक बारकावा आहे. रॅकेट मोडणे, शिवी देणे, रागाने चेंडू भिरकावणे, पंचांचा अपमान करणे हे सगळे वेगवेगळे गुन्हे असले, तरी ते एकाच शिडीवर मोजले जातात. म्हणजे पहिली चूक एका प्रकारची आणि दुसरी अगदी वेगळ्या प्रकारची असली, तरी दुसरीला दुसऱ्या पायरीचीच शिक्षा होते. सर्व्हिसला उशीर लावल्याचा हिशेब तेवढा वेगळा ठेवला जातो.

ही शिडी न कळल्याची किंमत जॉन मॅकेन्रोने १९९०च्या ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मोजली. चौथ्या फेरीत स्वीडनच्या मिकाएल पेर्नफोर्सविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. महिला लाइन जजकडे रोखून पाहत तिला धमकावल्याबद्दल ताकीद मिळाली, रॅकेट आपटल्यावर गुण गेला आणि शिवीगाळ केल्यावर थेट सामनाच गेला. आधीच्या वर्षापर्यंत चार पायऱ्या होत्या, त्या वर्षीपासून तीनच केल्या होत्या. हा बदल आपल्या ध्यानात नव्हता, गेमच्या शिक्षेपर्यंत अजून एक पायरी शिल्लक आहे असे वाटले, असे मॅकेन्रोने नंतर सांगितले. हे ऐकून अनेकांना हसू आले. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला सगळे केवळ रागाचा झटका समजत होते, त्या रागालाही हिशेब होता. किती भडकले तर किती महागात पडेल, याचा अंदाज बांधून तो भडकत होता.

खेळाडूचा हेतू पाहिला जातो का?

साधारणपणे आपण एखाद्याचा दोष ठरवताना त्याचा हेतू बघतो. टेनिसची आचारसंहिता अनेकदा परिणाम बघते.

६ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या चौथ्या फेरीत नोव्हाक जोकोविच स्पेनच्या पाब्लो कारेनो बुस्टाविरुद्ध पहिल्या सेटमध्ये ५-६ असा मागे पडला. सर्व्हिस गमावल्याच्या वैतागात त्याने खिशातला चेंडू न बघता मागे मारला. तो थेट लाइन जज असलेल्या महिलेच्या गळ्यावर बसला आणि ती खाली कोसळली. जोकोविच धावत तिच्याकडे गेला, नंतर त्याने माफीही मागितली. तिला इजा करण्याचा त्याचा इरादा नव्हता, हे अधिकाऱ्यांनाही मान्य होते. तरी त्याला बाद करण्यात आले. कारण नियमात मुद्दाम मारलेल्या चेंडूबरोबरच परिणामांची पर्वा न करता मारलेला चेंडूही येतो. जगातल्या अव्वल खेळाडूने त्या स्पर्धेतले मानांकन गुण गमावले, अडीच लाख डॉलरचे बक्षीस गमावले आणि दंड भरला तो वेगळाच.

हा नियम कठोर आहे, पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. कोर्टभोवती उभे असलेले लाइन जज आणि चेंडू गोळा करणारी मुले यांच्या हातात रॅकेट नसते आणि त्यांचे लक्ष खेळाडूच्या रागाकडे नसते. कुणाच्या मनात काय होते, हे पंचांना सिद्ध करता येत नाही. चेंडू कुणाला लागला, हे मात्र सगळ्यांना दिसते.

अडचण होते ती सीमारेषेवर. २०२३च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेत जपानची मियू काटो इंडोनेशियाच्या अल्दिला सुत्जिआदीबरोबर महिला दुहेरी खेळत होती. दोन गुणांच्या मधल्या वेळात तिने चेंडू पलीकडे टोलावला आणि तो एका बॉलगर्लला लागला. पंचांनी आधी ताकीद दिली. मग प्रतिस्पर्धी मारी बुझकोव्हा आणि सारा सोरिबेस टोर्मो यांनी मुलगी रडत असल्याचे पंचांच्या लक्षात आणून दिले. अधिकारी कोर्टवर आले आणि ताकिदीचे रूपांतर थेट बाद करण्यात झाले. काटोचे बक्षीस आणि गुण गेले, जोडीदाराचा सामनाही गेला. काही दिवसांनी काटोनेच जर्मनीच्या टिम प्युत्झच्या साथीने मिश्र दुहेरीचे विजेतेपद पटकावले.

जोकोविच आणि काटो दोघांनाही एकच शिक्षा झाली. पण काटोच्या फटक्यात राग नव्हता, असे चित्रफीत पाहिलेल्या अनेकांचे मत पडले. शिवाय पंचांचा पहिला निर्णय प्रतिस्पर्ध्यांच्या हस्तक्षेपानंतर बदलला, ही गोष्ट अधिक खटकली. नियम हेतू बघत नाही हे मान्य केले, तरी निर्णय कसा घेतला जातो, याला महत्त्व उरतेच.

सर्वांना सारखाच न्याय मिळतो का?

या प्रश्नावरचा सर्वांत मोठा वाद ८ सप्टेंबर २०१८ रोजी झाला. अमेरिकन खुल्या स्पर्धेचा महिला एकेरीचा अंतिम सामना, सेरेना विल्यम्स विरुद्ध २० वर्षांची नाओमी ओसाका. पंच होते पोर्तुगालचे कार्लोस रामोस. प्रेक्षकांत बसलेल्या पॅट्रिक मुराटोग्लू या प्रशिक्षकाने खुणा केल्या म्हणून सेरेनाला ताकीद मिळाली. आपण लबाडी करत नाही, असे ती पंचांना पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पुढे रॅकेट मोडल्यावर गुण गेला. आपला गुण चोरला म्हणून तिने रामोस यांना ‘चोर’ म्हटले आणि गेम गेला. दुसऱ्या सेटमध्ये ४-३ असलेली ओसाकाची आघाडी खेळ न होताच ५-३ झाली. ओसाकाने ६-२, ६-४ असा सामना जिंकला. सेरेनाला १७ हजार डॉलरचा दंड झाला.

सेरेनाचे म्हणणे असे की पुरुष खेळाडू याहून वाईट बोलतात आणि सुटतात. महिला टेनिस संघटनेचे प्रमुख स्टीव्ह सायमन यांनी तिची बाजू घेतली. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने मात्र रामोस नियमाप्रमाणेच वागले, असे सांगितले. दोघांच्या बोलण्यात तथ्य होते. खुणा केल्याचे मुराटोग्लू यांनी सामन्यानंतर स्वतःच कबूल केले. रामोस हे कडक पंच म्हणूनच ओळखले जात आणि त्यांनी नदाल, जोकोविच, मरे यांनाही पूर्वी ताकीद दिलेली होती. दुसरीकडे, प्रशिक्षकाच्या खुणांकडे बहुतेक पंच काणाडोळा करत, हेही टेनिसमध्ये सर्वांना ठाऊक होते. अंतिम सामन्यात तोच नियम काटेकोरपणे लागू झाला आणि शिडीची पहिली पायरी तिथेच चढली गेली.

त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सने ग्रँडस्लॅममधील १९९८ ते २०१८ या काळातले दंड मोजले. पुरुषांना दीड हजारांहून अधिक वेळा दंड झाला होता, महिलांना साधारण त्याच्या एक तृतीयांश वेळा. प्रशिक्षकाची मदत घेण्याच्या गुन्ह्यात मात्र महिलांची संख्या जास्त होती. यावरून पुरुषांनाच अधिक शिक्षा होते, असा निष्कर्ष काही जणांनी काढला. पण या आकड्यांत फक्त झालेल्या शिक्षा मोजल्या आहेत. किती अपराध पंचांनी सोडून दिले, याची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे पक्षपात होतो की नाही, हे या आकड्यांवरून कोणत्याच बाजूने सिद्ध होत नाही.

त्याच स्पर्धेत फ्रान्सच्या अलिझे कॉर्नेला कोर्टवर टी-शर्ट बदलल्याबद्दल ताकीद मिळाली होती. तिने तो उलटा घातला होता आणि काही सेकंदांत सरळ केला होता. पुरुष खेळाडू तर सर्रास कोर्टवर उघड्या अंगाने बसतात. आयोजकांनी लगेच दिलगिरी व्यक्त केली आणि नियमाचा खुलासा केला. सेरेनाच्या बाबतीत वाद घालायला जागा होती, इथे ती नव्हती.

पत्रकारांसमोर बसणे हाही नियमच?

होय. ग्रँडस्लॅम स्पर्धेत सामना संपल्यावर पत्रकार परिषदेला हजर राहणे बंधनकारक आहे, मग तुम्ही जिंकलेले असा की हरलेले. दुखापतीमुळे शक्यच नसेल, तर सूट मिळते. अन्यथा २० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

मे २०२१ मध्ये फ्रेंच खुल्या स्पर्धेआधी ओसाकाने जाहीर केले की ती पत्रकार परिषदांना बसणार नाही. खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचा विचार तिथे होत नाही, हरून आलेल्या माणसाला तेच तेच प्रश्न विचारले जातात, अशी तिची तक्रार होती. पहिला सामना जिंकल्यावर ती गेली नाही, तेव्हा १५ हजार डॉलरचा दंड झाला. चारही ग्रँडस्लॅम आयोजकांनी संयुक्त निवेदन काढून, असेच चालू राहिले तर स्पर्धेतून बाद केले जाईल, असा इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी, ३१ मे रोजी, ओसाकाने माघार घेतली. २०१८च्या त्या अमेरिकन खुल्या स्पर्धेपासून आपल्याला अनेकदा नैराश्याने ग्रासल्याचे तिने तेव्हा सांगितले. तिचे पहिले ग्रँडस्लॅम विजेतेपद म्हणजे सेरेनाविरुद्धचा तोच अंतिम सामना. बक्षीस समारंभात प्रेक्षक पंचांच्या निर्णयांवर हुर्यो उडवत होते आणि विजेती रडत होती.

ओसाकाच्या माघारीनंतर फ्रेंच टेनिस महासंघाचे अध्यक्ष जिल मोरेटाँ यांनी पत्रकारांसमोर निवेदन वाचून दाखवले आणि एकही प्रश्न न घेता ते निघून गेले. खेळाडूंना पत्रकारांची उत्तरे देणे सक्तीचे करणाऱ्या अध्यक्षांचे हे वागणे कुणाच्याही नजरेतून सुटले नाही.

पण आयोजकांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९७० मध्ये नऊ महिला खेळाडूंनी प्रत्येकी एक डॉलरचा करार करून स्वतंत्र स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा त्यांच्याकडे ना प्रायोजकांची रांग होती ना दूरचित्रवाणी. वृत्तपत्रांतून छापून येणे हाच लोकांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता होता. त्या नऊ जणींपैकी बिली जीन किंग यांनी ओसाकाच्या प्रकरणात आपल्याला दोन्ही बाजू पटतात, असे म्हटले होते. माध्यमांशी बोलणे ही व्यावसायिक खेळाडूची जबाबदारी आहे, असे त्यांची पिढी मानत आली. आज ओसाकाचे लाखो चाहते थेट तिच्या समाजमाध्यमांच्या खात्यावर असतात. पहिल्या फेरीत हरणाऱ्या शंभराव्या क्रमांकाच्या खेळाडूला मात्र अजूनही पत्रकारांचीच गरज असते. प्रसिद्ध खेळाडूला सूट दिली तर तो नियम फक्त लहानांसाठी उरेल, ही आयोजकांची भीती अगदीच खोटी नव्हती.

चूक झाली ती नियमाच्या बांधणीत. शरीराच्या दुखापतीला नियमात सूट होती, मनाच्या आजाराचा विचार नव्हता. घोटा मुरगळला तर डॉक्टरांचा कागद चालतो. तेच नैराश्याबाबत हवे असेल तर खेळाडूला सगळ्या जगासमोर आपला आजार सांगावा लागला. ओसाकाने नंतर टाइम नियतकालिकात लिहिताना खेळाडूंना अधूनमधून कारण न सांगता पत्रकार परिषद टाळण्याची मुभा असावी, असे सुचवले होते.

दंडाने खेळाडू सुधारतात का?

दंडाची रक्कम खेळाडूच्या कमाईवर ठरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सिनसिनाटीत ऑस्ट्रेलियाच्या निक किर्गिओसला एकाच सामन्यातल्या आठ गुन्ह्यांबद्दल १ लाख १३ हजार डॉलरचा दंड झाला. त्यानंतरही त्याच्यावरचे दंड थांबले नाहीत. २०२२च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीनंतर त्याला पुन्हा १० हजार डॉलर भरावे लागले आणि त्याच स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्को येथे अलेक्झांडर झ्वेरेव्हने दुहेरीचा सामना हरल्यावर पंचांच्या खुर्चीवर वारंवार रॅकेट आपटली. पंच तेव्हा त्या खुर्चीवर बसलेले होते. सामना संपलेला असल्यामुळे शिडीचा काही उपयोग नव्हता. त्याला त्या स्पर्धेतून काढण्यात आले, ४० हजार डॉलर दंड झाला आणि तिथले बक्षीस गेले. चौकशीनंतर आणखी २५ हजार डॉलर आणि आठ आठवड्यांची बंदी सुनावण्यात आली, पण ती स्थगित ठेवली. म्हणजे वर्षभरात पुन्हा तसा गुन्हा केला तरच ती लागू होणार होती. तो प्रत्यक्षात खेळतच राहिला.

काटोने नकळत मारलेल्या चेंडूने सामना गेला आणि झ्वेरेव्हने रागाने आपटलेल्या रॅकेटने एकही आठवडा गेला नाही. या दोन्ही शिक्षा नियमांत बसतात. म्हणूनच चाहत्यांचा आचारसंहितेवरचा विश्वास डळमळतो.

नियम बदलत आहेत का?

बदलत आहेत, आणि काही वाद त्यामुळे कायमचे मिटले आहेत. पुरुषांच्या एटीपी स्पर्धांत २०२५ पासून चेंडू आत की बाहेर हे यंत्रच ठरवते. त्याच वर्षी विम्बल्डनमध्येही प्रथमच लाइन जज दिसले नाहीत. मॅकेन्रोची निम्मी भांडणे रेषेवरच्या चेंडूवरून झाली होती. फ्रेंच खुल्या स्पर्धेत मात्र अजून माणसेच रेषा बघतात.

प्रशिक्षकाच्या सल्ल्याचा नियमही बदलला. २०२२ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून प्रेक्षकांतून सल्ला देण्याची अधिकृत परवानगी मिळाली. म्हणजे २०१८च्या अंतिम सामन्यात सेरेनाला जी पहिली ताकीद मिळाली, ती आज मिळणारच नाही. पहिली पायरी नसती तर रॅकेट मोडल्यावर गुण गेला नसता आणि पंचांना ‘चोर’ म्हणण्याचे कारणही उरले नसते.

दाद मागण्याची सोयही काही प्रमाणात दिसू लागली आहे. मार्च २०२४ मध्ये दुबईच्या उपांत्य सामन्यात रशियाच्या आंद्रे रुब्लेव्हने लाइन जजवर आरडाओरडा केला. त्याने रशियन भाषेत शिवी दिली, असे दुसऱ्या एका अधिकाऱ्याने सांगितले आणि त्याला बाद करण्यात आले. रुब्लेव्हने शिवी दिल्याचे नाकारले. नंतरच्या अपिलात बाद करण्याचा निर्णय कायम राहिला, पण त्या आठवड्याचे सगळे गुण आणि बक्षीस काढून घेणे ही शिक्षा प्रमाणाबाहेर ठरवून ते त्याला परत देण्यात आले. गेलेला सामना मात्र परत मिळत नाही. एका माणसाने ऐकलेल्या शब्दावर सामना संपणार असेल, तर चित्रफीत आणि ध्वनिमुद्रण तिथल्या तिथे तपासायला हवे, ही मागणी म्हणूनच जोर धरते आहे.

आचारसंहितेवरच्या बहुतेक तक्रारी नियम कडक असल्याच्या नाहीत. काल ज्याकडे डोळेझाक झाली त्यावर आज शिक्षा होते, ही तक्रार आहे. पुढच्या वेळी टीव्हीवर पंचांनी ताकीद दिली, तर खेळाडू कोण आहे यापेक्षा तीन गोष्टी बघाव्यात. ही शिडीची कितवी पायरी आहे, निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला आणि याच गोष्टीबद्दल शेजारच्या कोर्टवर दुसऱ्या खेळाडूलाही ताकीद मिळाली असती का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर चूक खेळाडूची असूनही त्याच्या तक्रारीत तथ्य असू शकते.